सरलष्करांचा ससा

तळी उचलायला पाच जण लागतात, आणि यंदा चारच होते.

तशी चंपाषष्ठी बुधवारीच होऊन गेली होती. पण दुबईत देवालाही रविवारीच जेवावं लागतं, त्याला इलाज नाही. जुमेरा लेक टॉवर्समधल्या सत्ताविसाव्या मजल्यावर श्रीनाथ वेळवंड्यांच्या घरी वांग्याचं भरीत झालं होतं, बाजरीचे रोडगे झाले होते, आणि ताम्हनात विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या, बेल आणि जेजुरीचा भंडारा मांडून झाला होता. ताम्हनाभोवती श्रीनाथ, त्याचा धाकटा भाऊ सुरेश, दोघांचे अंबादासकाका आणि श्रीनाथचा मुलगा सिद्धांत असे चौघे बसले होते. पाचवी जागा रिकामी होती आणि तिच्याकडे बघायचं नाही असं जणू सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

ती जागा तहाची. तहा शेख मूळचा नीरेचा, वेळवंड्यांच्या अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं सुतार. त्याच्या घरी खंडोबाला मल्लूखान म्हणत. पहिल्याच वर्षी माणसं कमी पडली तेव्हा, ‘साहेब, मला येतं की तळी उचलायला,’ म्हणत तो येऊन बसला आणि पुढं दर वर्षी बसत राहिला. यंदा तो आपल्या कामगार वसाहतीतल्या खोलीवर पडून होता. सहा आठवड्यांपूर्वी प्लायवुड कापायच्या मशीननं त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली होती.

“खालच्या मजल्यावरच्या सुदेशला बोलावू का?” श्रीनाथच्या बायकोनं, सवितानं विचारलं.

“बाहेरचा नको,” अंबादासकाका म्हणाले. “ईश्वरी, ये गं इकडं.”

सुरेशची सतरा वर्षांची लेक सोफ्यावरून दचकून उठली. “मी? आर गर्ल्स अलाउड?”

“हात आहेत ना तुला? मग बस.”

श्रीनाथच्या कपाळावर आठी पडली, पण काकांपुढं त्याचं काही चालत नसे. पाच हात ताम्हनाला लागले, “सदानंदाचा येळकोट” झाला, तीनदा तळी उचलली गेली. ताम्हन मात्र तिन्ही वेळा सुरेशच्या बाजूला कललं. भंडारा त्याच्या मांडीवर सांडला. तो झटकायचंही त्याला सुचलं नाही.

उद्या सकाळी नऊ वाजता त्याला कोर्टात उभं राहायचं होतं.

प्रकरण सरळ होतं, म्हणूनच अवघड होतं. मशीनच्या पात्यावर लोखंडी गार्ड असतं. अपघाताच्या दिवशी ते जागेवर नव्हतं. कंपनीच्या रिपोर्टात लिहिलं होतं, कामगारानं ते आपल्या मर्जीनं काढलं. हे खरं ठरलं तर बोटं गेली ती तहाच्याच चुकीनं, आणि तो रिकाम्या हातानं, तेही अर्ध्या हातानं, नीरेला परतणार. खोटं ठरलं तर वेळवंड्यांचा परवाना जाणार. वर्कशॉपचा इनचार्ज म्हणून साक्ष होती सुरेशची. आणि साक्ष द्यायची तर आधी शपथ घ्यावी लागते.

पोटभर जेवून सिद्धांत क्रिकेटला पळाला, आणि त्याच्या पाठीमागं दार लागल्याबरोबर श्रीनाथनं विषय काढला.

“सुरेश, वकिलाशी बोललोय मी. सिंपल आहे. उभं राहायचं आणि सांगायचं, सर, इन अवर फॅमिली वी डोन्ट टेक ओथ. रिलिजस कस्टम आहे, तीनशे वर्षांची. फार तर फाइन मारतील, तो कंपनी भरेल. विटनेस खलास. मग उरतो फक्त लेखी रिपोर्ट.”

“आणि हे काही खोटं पण नाही,” सविता रोडगा वाढता वाढता म्हणाली. “आपल्यात खरंच कुणी शपथ घेत नाही. माझ्या लग्नात सुद्धा तुमच्या दादांनी ‘नातिचरामि’ म्हणताना ओठ नुसते हलवले होते. मी बघत होते ना.”

हे अगदी खरं होतं. वेळवंडे शपथ घेत नाहीत आणि शब्द देत नाहीत. ‘बघतो’ म्हणतात, ‘करून टाकू’ म्हणतात, आणि मग करून टाकतात. गावाकडं यावरून लोक त्यांना हसत. इथं आल्यावर मात्र त्यांचं फार सोपं झालं. सगळा मुलूखच इन्शाल्ला म्हणून कामाला लागणारा, त्यात वेळवंडे उठून दिसेनात.

ही चाल पडली ती सरलष्कर सटवाजीरावांपासून. सरलष्कर म्हणजे सेनापतीच्या खालोखालचा मान. तो या घराण्यात एकदाच आला आणि त्यावर दहा पिढ्या जगल्या. अंबादासकाकांनी साताऱ्याच्या शाळेतून रिटायर झाल्यावर त्यांचं शहाण्णव पानांचं चरित्र लिहिलं होतं. एकोणिसाव्या वर्षी पन्नास घोड्यांची पागा, सव्विसाव्या वर्षी पाचशेंची. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची यादवी पेटली तेव्हा सटवाजीराव साताऱ्याकडून उतरले. बारा वर्षांत नऊ लढाया, त्यातल्या सात फत्ते. एकदा मांडीत भाला घेऊन त्यांनी रात्रभर घोडा हाकला आणि कुमक वेळेवर आणली. श्रीनाथनं तर त्यांचं चित्र कंपनीच्या गाड्यांवर रंगवून घेतलं होतं. सरलष्कर रोज सकाळी घोड्यावर बसून, पाठीमागं दरवाज्यांच्या चौकटी घेऊन, शेख झायेद रोडनं जात.

आणि मग ती वेळवंडची गढी. धाकटा भाऊ बहिर्जी कोल्हापूरच्या बाजूनं आत, थोरला सटवाजी साताऱ्याच्या बाजूनं बाहेर. चार महिने वेढा. शेवटी सटवाजीरावांनी बेलभंडार पाठवला. बेल आणि भंडारा ही त्या काळची सर्वांत मोठी शपथ. ‘बाहेर या, केसाला धक्का लागणार नाही.’ बहिर्जी चाळीस माणसं घेऊन बाहेर आला आणि तिसऱ्या दिवशी तो आणि चाळीसच्या चाळीस मारले गेले. पुस्तकात लिहिलं होतं, सरलष्कर त्या वेळी दुसऱ्या मोहिमेवर होते. त्यांच्या पाठीमागं एका कारभाऱ्यानं घात केला. सरलष्करांनी हाय खाल्ली आणि आज्ञा केली की माझ्या वंशात पुन्हा कुणी शपथ घेऊ नये.

“मी शपथ घेणार आहे, दादा,” सुरेश म्हणाला.

त्यानं हे इतक्या साध्या आवाजात म्हटलं की श्रीनाथचा घास तोंडापर्यंत जाऊन थांबला.

“काय घेणार आहेस?”

“शपथ. आणि खरं सांगणार आहे.”

साधनानं, सुरेशच्या बायकोनं, ताटात बघतच हळूच मान हलवली. तिला हे माहीत होतं. चार दिवस ती त्याच्या मागं लागली होती. “दादा, रागावू नका,” ती म्हणाली. “पण त्या माणसाला तीन मुली आहेत. त्याच्या बायकोचा, हुमेराचा मला रोज फोन असतो. ती काही मागत पण नाही, नुसती विचारते, भाभी, हात हलतो का त्यांचा. मी काय सांगू तिला?”

“तिला सांग, कंपनी बघून घेईल. मी बघतो म्हणालोय ना?”

“बघतो म्हणालात. कागदावर तर त्याचीच चूक लिहिलीत.”

“साधना, चाळीस माणसांचे व्हिसा त्या परवान्यावर आहेत!” श्रीनाथनं ताट बाजूला सारलं. “चाळीस! त्यांना पण मुली आहेत. परवाना गेला की तीस दिवसांत सगळे एअरपोर्टवर. एका तहासाठी? आणि हे घर, ईश्वरीची युनिव्हर्सिटी, तुमचं सगळं? बाबांनी एका रंध्यावर सुरू केलेला धंदा आहे हा.”

तोही काही खोटं बोलत नव्हता. हीच तर पंचाईत. सुरेशला वाटलं, दादा नुसता लबाड असता तर किती बरं झालं असतं. बाबा गेल्यावर याच माणसानं त्याला इंजिनिअर केलं होतं, स्वतः अल क्वोजच्या शेडमध्ये फळीवर झोपून.

“सांग ना,” श्रीनाथ म्हणाला. “खरं म्हणजे काय सांगणार? माझं नाव घेणार?”

सुरेशनं बायकोकडं पाहिलं. चार दिवस त्यानं तिला सगळं सांगितलं होतं, एवढं सोडून. आता ते पोटात राहणार नव्हतं.

“तुझंही घेणार. पण आधी माझं. गार्ड मी काढलं.”

“काय?” साधना म्हणाली.

“खोर फक्कानच्या हॉटेलचे दरवाजे होते. दोनशे दहा. जाड फळी गार्डखालून जात नव्हती, वेळ लागत होता. दादाचा फोन आला, गार्ड काढ, दोन दिवसांचा प्रश्न आहे. मी माझ्या हातानं काढलं. सतरा नंबरचा पाना घेऊन. आणि अपघात झाल्यावर, इन्स्पेक्टर यायच्या आधी, मीच परत बसवलं. पण गार्ड असताना अशी बोटं जात नाहीत हे त्याला कळलंच, मग रिपोर्टात तहाचं नाव गेलं.”

साधनाचा चेहरा उतरला. चार दिवस जी नवऱ्याला धीर देत होती, तिचा आवाज आता फाटला. “म्हणजे तुम्ही साक्षीदार नाही. तुम्हीच... अहो, जेलमध्ये टाकतील तुम्हाला! मला वाटलं, तुम्ही नुसतं पाहिलंय. नाही, नाही जायचं. दादा म्हणतात तेच करा. शपथ घेत नाही म्हणा आणि घरी या.”

“साधना, तूच म्हणालीस ना, हुमेरा—”

“ते मला माहीत नव्हतं तेव्हा! माझी पण एक मुलगी आहे.”

श्रीनाथनं सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण तो उठून खिडकीशी गेला. खाली तलावाकाठी लोक रविवारचे फिरत होते, पोरं सायकली चालवत होती.

बोलली ती सविता. आणि ती बोलेल असं कुणालाही वाटलं नव्हतं, कारण घरात भांडण झालं की सविता नवऱ्याच्या पारड्यात बसते हे ठरलेलंच होतं.

“मला तुम्ही सांगितलंत, तहानं काढलं,” ती श्रीनाथला म्हणाली. “तो रिपोर्ट मी टाइप केलाय. ‘ऑपरेटर रिमूव्हड द गार्ड.’ त्याच आठवड्यात तीन वेळा डबा घेऊन गेले मी त्याच्याकडं. मला म्हणाला, वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता. एक शब्द तक्रारीचा नाही. मला वाटलं, चूक याचीच आहे म्हणून गप्प आहे.”

“सविता, तुला यातलं कळत नाही.”

“टाइप करायला कळत होतं तेव्हा कळत होतं, आता कळत नाही काय?”

“बरं, मग काय करू?” श्रीनाथ एकदम वळला. “भावाला सांगू, जा, माझ्याविरुद्ध शपथ घे? काका, तुम्ही तरी बोला काहीतरी. सरलष्करांचं एवढं पुस्तक लिहिलंत. भावानं भावाविरुद्ध उभं राहिलं की काय होतं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? कशासाठी लावून दिली त्यांनी ही चाल? परत घरात यादवी नको म्हणूनच ना?”

अंबादासकाका अजून ताटावरच होते. त्यांचं जेवण सावकाश चाले. त्यांनी हात धुतले आणि नॅपकिनला पुसले. शहाण्णव पानं लिहिणाऱ्या माणसाला एक वाक्य सापडेना.

“मोहीम नव्हती रे,” ते शेवटी म्हणाले.

“कसली?”

“बहिर्जीला मारलं तेव्हा सटवाजीराव मोहिमेवर होते असं मी लिहिलंय ना? तशी मोहीम कुठंच नव्हती. बहिर्जीच्या वंशातलं एक घर वेळवंडला आहे अजून. दर चंपाषष्ठीला आपल्याकडून तिकडं नारळ जातो आणि ते परत पाठवतात. पुस्तक लिहायच्या आधी मी स्वतः नारळ घेऊन गेलो. म्हटलं, एवढी वर्षं झाली, आता तरी घ्या. तिथल्या एका बाईनं मला बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, मास्तर, आम्ही मारणाऱ्याला कधीच माफ केलं. आमचा राग तुमच्या सटवाजीवर आहे. आदल्या संध्याकाळी त्याला कळलं होतं, साताऱ्याहून सगळ्यांना मारायचा हुकूम आलाय म्हणून. नाही म्हणाला असता तर सरदारकी गेली असती. हो म्हणाला असता तर शपथ मोडली असती. तो पहाट व्हायच्या आत शिकारीला गेला. त्याच्या छावणीत चाळीस माणसं मारली आणि दुपारी तो एक ससा घेऊन परत आला.”

“ससा?” ईश्वरी म्हणाली.

“ससा. एक. पुढं त्याला सात गावं इनाम मिळाली, वीस वर्षं तो जगला, आणि मग ही चाल पाडली, शपथ घेऊ नये. मला तेव्हाच कळायला हवं होतं. हे प्रायश्चित्त नव्हतं रे श्रीनाथ. पुन्हा कधी कुणी विचारलं तर घरात नसायची सोय होती. आणि मी काय केलं? सशाची मोहीम करून टाकली. शाळेत पोरांच्या पेपरात लबाडी सापडली की मी कान धरत असे.”

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी ते लपवलं नाही.

“लढाया सगळ्या खऱ्या आहेत,” ते म्हणाले. “नऊच्या नऊ. भाला पण खरा. शूर होता माणूस. पण नऊ लढाया केलेल्या माणसाला त्या एका सकाळी नुसतं तंबूत बसून राहणं जमलं नाही. सुऱ्या, तुला जायचं तर जा, नसेल जायचं तर नको जाऊस. जे करशील ते स्वतःच्या नावावर कर. आमच्या चालीच्या नावावर नको.”

सुरेशच्या छातीवरचं ओझं हललं. हलकं झालं असं नव्हे, पण ते कुठं धरायचं ते कळलं.

“मी जाणार आहे, काका.”

“बाबा,” ईश्वरी म्हणाली, “विल दे अरेस्ट यू?”

“माहीत नाही, बेटा. कदाचित.”

“अँड यू आर स्टिल गोइंग?”

“हो.”

ती उठली, बापाशेजारी येऊन बसली आणि त्याच्या मांडीवरचा भंडारा हातानं झटकायला लागली. तो काही निघेना, उलट आणखी पसरला. साधना तोंडाला पदर लावून रडत होती. सविता तिच्याजवळ सरकली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, “सुरेशभाऊजी, मला पण यायला लागेल. रिपोर्टवर सही माझी आहे.”

श्रीनाथ आता खोलीत एकटा उभा होता. हा माणूस हरायला शिकलेलाच नव्हता. बावीस वर्षं त्यानं गिऱ्हाईक, बँका, म्युनिसिपालिटी, सगळ्यांना पुरून उरून दाखवलं होतं, आणि आता स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर त्याला बाजू उरली नव्हती. तो सुरेशच्या समोर येऊन बसला. आवाज चढवला नाही. लहानपणी सायकल शिकवताना बोलायचा तसा तो बोलला.

“हे बघ. शिकार असो, मोहीम असो. तीनशे वर्षं आपल्यात कुणी शब्द दिला नाही, शपथ घेतली नाही. आजोबांनी नाही, बाबांनी नाही, मी नाही. अल क्वोजमध्ये पोरंसोरं सुद्धा म्हणतात, वेळवंडे शब्द देत नाहीत, काम देतात. आपली इज्जत आहे ती. तू ती मोडणार? उद्या तू पहिला?”

“उद्या नाही,” सुरेश म्हणाला.

“म्हणजे?”

“त्या दिवशी मी गार्ड काढलं आणि तहाला म्हटलं, चालव. तो मशीनपाशी उभा राहिला, पण चालू करेना. म्हणाला, साहेब, बिनागार्डचं भ्या वाटतंय. मी म्हणालो, यल्ला, चल, उशीर होतोय. तरी उभाच. मग मी म्हणालो, तहा, काही होणार नाही. माझा शब्द आहे.”

श्रीनाथ पुढं वाकला. “शब्द?”

“हो.”

“तू त्याला शब्द दिलास?”

“अकरा वर्षं तो आपल्याकडं आहे, दादा. अकरा वर्षांत आपल्यापैकी कुणाच्या तोंडून त्यानं हे ऐकलं नव्हतं. माझ्याकडं बघून हसला. म्हणाला, वेळवंडे साहेब शब्द देतायत म्हणजे झालंच.”

“सुरेश...”

“दिला मी,” सुरेश म्हणाला. “म्हणून तर त्यानं बटण दाबलं.”